लोकार्पणाची बातमी छापून आली, आता पुढे? मोफत डिजिटल ग्रंथालय चालवणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाने स्वामित्वहक्काची मुदत संपलेली आपली मराठी पुस्तके स्कॅन करून संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली. लोकार्पणाची बातमी जिल्हा पानावर फोटोसह आली. दोन-तीन दिवस संकेतस्थळावर गर्दी झाली आणि मग सामसूम. आता कार्यकर्त्यांना कळत नाही की त्या बातमीने साधले काय, आणि पुढची बातमी मिळवायची तर कशासाठी आणि कशी.

जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅनिंग आणि सूचीकरण यात मी बरीच वर्षे काम करते आहे. अशा प्रकल्पांबद्दल छापून येणारे सगळे वाचते आणि कात्रणे जपून ठेवते. माझे उत्तर हे आहे: बातमीने माणसे दारापर्यंत येतात. आत आल्यावर त्यांच्या हाताला काम असेल तरच ती थांबतात. तुमच्याकडे पहिली गोष्ट झाली, दुसरीची तयारी नव्हती. याला तुम्ही अपवाद नाही. जगातल्या मोठमोठ्या प्रकल्पांचेही हेच झाले आहे.

आधी जिथे जमले ते उदाहरण घेऊ. प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा मोफत ई-पुस्तकांचा सगळ्यात जुना उपक्रम. मायकेल हार्ट यांनी ४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप केला, तिथून त्याची सुरुवात. पुस्तक अख्खे टाइप करायचे, तपासायचे आणि मग खुले करायचे, अशी पद्धत. साहजिकच हात थोडे आणि गती मंद. हजारावे पुस्तक यायला १९९७ साल उजाडले. २००० मध्ये चार्ल्स फ्रँक्स यांनी ‘डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स’ नावाची व्यवस्था उभी केली. पुस्तक स्कॅन करून त्याची पाने सुटी करायची. पडद्यावर एका बाजूला पानाचे चित्र, दुसऱ्या बाजूला संगणकाने ओळखलेला मजकूर. येणाऱ्याने एक पान वाचायचे, चुका दुरुस्त करायच्या आणि जायचे. तेच पान पुढच्या फेरीत दुसरे कोणीतरी तपासणार. संपूर्ण पुस्तकाची जबाबदारी कोणाही एकावर नाही.

नोव्हेंबर २००२ मध्ये स्लॅशडॉट या तंत्रज्ञानविषयक बातम्यांच्या संकेतस्थळाने या व्यवस्थेची बातमी दिली. एका दिवसात चार हजारांहून जास्त नवे सभासद नोंदले गेले. तेवढ्या लोंढ्याने कोणतीही छोटी व्यवस्था कोलमडली असती. इथे आलेल्या माणसाला पाच मिनिटांत करता येईल असे काम समोर मांडलेले होते, म्हणून आलेल्यांतले कितीतरी पुढेही टिकले. गुटेनबर्गचे दहा हजारावे पुस्तक ऑक्टोबर २००३ मध्ये आले. पहिल्या हजाराला सव्वीस वर्षे लागली होती, पुढच्या नऊ हजारांना जेमतेम सहा. याचे सगळे श्रेय एका बातमीला देता येणार नाही. पण एकट्या डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्सने मार्च २००७ मध्ये स्वतःचे दहा हजारावे पुस्तक पूर्ण केले, हेही विसरता येत नाही.

आता दुसरे उदाहरण युरोपियानाचे, म्हणजे युरोपातल्या ग्रंथालयांचा आणि संग्रहालयांचा वारसा एकत्र दाखवणाऱ्या संकेतस्थळाचे. त्याचा जन्मच एका बातमीतून झाला. डिसेंबर २००४ मध्ये गूगलने हार्वर्ड, मिशिगन, स्टॅनफर्ड, ऑक्सफर्ड आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी यांची पुस्तके स्कॅन करण्याची घोषणा केली. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुख जाँ-नोएल जानने यांनी जानेवारी २००५ मध्ये ‘ल माँद’ या दैनिकात लेख लिहून विचारले की जगाचा वारसा एका इंग्रजी वळणाच्या कंपनीच्या यादीतून दिसणार असेल तर युरोपातल्या बाकीच्या भाषांचे काय होणार. त्या लेखाची चर्चा पार राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांच्यापर्यंत गेली. एप्रिल २००५ मध्ये सहा देशांच्या प्रमुखांनी युरोपीय आयोगाला पत्र लिहून युरोपचे स्वतःचे डिजिटल ग्रंथालय उभारायला सांगितले, आणि त्यातूनच युरोपियाना आकाराला आले. वर्तमानपत्रातला एक लेख काय करू शकतो, हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण ठाऊक नाही. तो ग्रंथपालाने लिहिलेला होता, ही गोष्ट मी आपल्याकडच्या प्रत्येक ग्रंथपालाला आवर्जून सांगते. आपल्या कामाबद्दल आपण लिहायचे असते. वार्ताहराची वाट पाहत बसायचे नसते.

युरोपियाना २० नोव्हेंबर २००८ रोजी खुले झाले. सगळ्या युरोपभर बातम्या झळकल्या आणि काही तासांतच संकेतस्थळ बंद पडले. तासाला सुमारे एक कोटी हिट्स आल्याचे सांगितले गेले. डिसेंबरच्या शेवटी ते पुन्हा सुरू झाले, पण तोवर वर्तमानपत्रांची पाने दुसऱ्या विषयांनी भरली होती. सर्व्हर कमी पडले हे खरेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या दिवशी आलेल्या माणसाला तिथे फक्त पाहता येणार होते. तेवढे पाहायलाही मिळाले नाही तर परत येण्याचे त्याच्याकडे कारण उरत नाही. पुढे युरोपियानाने चांगली उभारी घेतली, लोकांना सहभागी करून घेणारे उपक्रम काढले, पण पहिल्या दिवसाची ती गर्दी काही परत मिळाली नाही.

इथे हिट्सबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते, कारण तुमच्या समितीतही हा आकडा कोणीतरी काढणारच. एक पान उघडले की त्यावरचे प्रत्येक चित्र, प्रत्येक छोटी फाइल स्वतंत्र हिट म्हणून मोजली जाते. एक कोटी हिट्स म्हणजे एक कोटी माणसे असे कधीच नसते. वार्ताहराला आकडा द्यायचाच तर ‘या महिन्यात इतक्या वेगवेगळ्या वाचकांनी पुस्तके उघडली’ असा द्या. तो लहान असेल. असू द्या.

आकड्यांचा हा मोह अशा बातम्यांचे सगळ्यात जास्त नुकसान करतो. आयआयटी खरगपूरने उभारलेले नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया १९ जून २०१८ रोजी, राष्ट्रीय वाचन दिनी, तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनी देशाला अर्पण केले. त्यात १.७ कोटी साधने असल्याचे जाहीर झाले होते. हे वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर १.७ कोटी पुस्तके येतात. प्रत्यक्षात त्यात शोधनिबंध, प्रबंध, व्याख्यानांच्या चित्रफिती, जुन्या प्रश्नपत्रिका असे सगळे आहे. शिवाय ते ग्रंथालय मुख्यतः नोंदी एकत्र करते. शोधले की मूळ साधन ज्या संस्थेकडे आहे तिथे तुम्हाला पाठवते. हे काम फार मोलाचे आहे. विद्यार्थ्याला दीडशेहून अधिक ठिकाणी शोधण्याऐवजी एका खिडकीत शोधता येते. पण बातमीतला आकडा वाचून मराठी कादंबरी शोधायला आलेला वाचक ती न मिळाल्यावर निराश होतो आणि ‘सरकारी काम, दुसरे काय’ म्हणून निघून जातो. ज्यांनी इतक्या कष्टाने ते उभे केले त्यांच्यावर हा अन्याय आहे, आणि तो निव्वळ बातमीच्या मांडणीतून झालेला असतो.

आता ज्या प्रकल्पाबद्दल मला सगळ्यात जास्त वाटते तो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. कार्नेगी मेलन विद्यापीठातले राज रेड्डी यांच्या दहा लाख पुस्तकांच्या संकल्पाचा हा भारतातला भाग. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था त्याच्या केंद्रस्थानी होती, आणि २००३ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या वेळी बातम्यांत उत्साह होता आणि तो रास्त होता. देशभरातल्या केंद्रांवर पुस्तके स्कॅन झाली, त्यांत मराठीही भरपूर. ज्यांनी ते संकेतस्थळ वापरले त्यांना आठवत असेल: पुस्तकांची नावे रोमन लिपीत, एकाच नावाची चार स्पेलिंगे, लेखकाच्या जागी प्रकाशक, मधली पाने गायब, आणि पुस्तक एकेक पान उघडून वाचायचे. हे दोष कोणत्याही वर्तमानपत्राने नीट मांडले असते तर कदाचित सुधारले असते. मांडले गेले नाहीत. २०१६-१७ च्या सुमारास, स्वामित्वहक्क शिल्लक असलेली पुस्तकेही त्यात असल्याच्या कारणावरून, ते संकेतस्थळ बंद झाले. राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झालेले ग्रंथालय मिटले, तेव्हा त्याची मराठीत ठळक बातमी झालेली माझ्या कात्रणांत नाही.

तरीही त्यातली चार लाखांहून जास्त पुस्तके आज वाचता येतात. कार्ल मालामुड यांच्या पब्लिक रिसोर्स या संस्थेने ती इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतल्या मोफत डिजिटल ग्रंथालयावर चढवली. तिथे जुने मराठी पुस्तक शोधताना ज्या फाइलच्या ओळखक्रमांकात ‘डीएलआय’ आणि ‘२०१५’ दिसते, ती बहुतेक इथूनच आलेली. रोमन नावांचा गोंधळही सोबत आला आहे. म्हणून शोधताना एकच नाव तीन-चार प्रकारे लिहून पाहा. या बचावाची गोष्ट मराठी वाचकाला सांगण्यासारखी आहे, आणि ती तुमच्यासारखे वाचनालयच सांगू शकते: ‘आमच्याकडे मूळ प्रत आहे, तिथल्या स्कॅनमध्ये ही आठ पाने नाहीत, ती आम्ही पुरी केली.’ अशी बातमी संपादकाला नक्की आवडेल, कारण तिच्यात एक उणीव आहे आणि ती भरून काढणारी माणसे आहेत.

इंटरनेट आर्काइव्हचे नाव निघाले म्हणून खटल्याबद्दलही सांगायला हवे, कारण मोफत ग्रंथालयांच्या बातम्या दोनच प्रसंगी मोठ्या होतात, उद्घाटनाला आणि कोर्टात. टाळेबंदीत, २४ मार्च २०२० रोजी, आर्काइव्हने ‘नॅशनल इमर्जन्सी लायब्ररी’ जाहीर केली. तोवर ते जितक्या छापील प्रती ताब्यात तितक्याच डिजिटल प्रती उसन्या देत असत, बाकीच्यांनी रांगेत थांबायचे. आता रांगच काढून टाकली. सुमारे १४ लाख पुस्तके. पहिले काही दिवस कौतुकाच्या बातम्या आल्या. मग लेखकांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि मथळ्यांत चाचेगिरी आली. १ जून रोजी चार मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला, १६ जूनला ती सोय बंद झाली. मार्च २०२३ मध्ये निकाल आर्काइव्हच्या विरुद्ध गेला आणि ४ सप्टेंबर २०२४ रोजी अपिलातही तोच कायम राहिला. पाच लाखांवर पुस्तके उसनवारीतून काढावी लागली.

या सगळ्या काळात जिवंत लेखकांची पुस्तके आणि मुदत संपलेली पुस्तके यांतला फरक बहुतेक बातम्यांत पुसला गेला. दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांना त्या निकालाने काहीही झाले नाही, ती तेव्हाही खुली होती, आजही आहेत. पण आपल्याकडच्या अनेक वाचनालयांच्या समित्यांनी ‘मोफत पुस्तके ठेवली की कोर्टकचेरी’ एवढाच अर्थ घेतला आणि सुरू होणारी कामे थांबवली. लेखकाचा हक्क मी पूर्ण मानते. मराठीत लिहिणाऱ्याला आधीच किती थोडे मिळते हे आपण जाणतो, आणि आजच्या लेखकाच्या पुस्तकाची पीडीएफ फिरवून तिला ‘डिजिटल ग्रंथालय’ म्हणणाऱ्यांचे कौतुक छापणे ही वर्तमानपत्रांची गंभीर चूक आहे. म्हणून तुमच्या प्रत्येक प्रेसनोटमध्ये पहिल्या परिच्छेदातच लिहा की ही पुस्तके कायद्याने मुक्त झालेली आहेत, आणि का.

ते ‘का’ सोपे आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून, ६० वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ रोजी मुक्त झाले. बा. सी. मर्ढेकर गेले १९५६ मध्ये, त्यांचे २०१७ पासून. चिं. वि. जोशी १९६३, म्हणून २०२४. मामा वरेरकर १९६४, म्हणून २०२५. लक्षात ठेवा, मूळ लेखन मुक्त झाले तरी नंतरच्या आवृत्तीची प्रस्तावना, चित्रे, टिपा किंवा अनुवाद यांचा हक्क ज्याचा त्याचा वेगळा असतो. शक्यतो लेखकाच्या हयातीतली आवृत्तीच स्कॅनला घ्या, पण तिच्यातही इतरांची चित्रे किंवा प्रस्तावना असेल तर त्यांचीही साले तपासा. शिवाय देशोदेशीचे नियम निराळे. जर्मनीत ही मुदत ७० वर्षांची आहे. तिथल्या एका प्रकाशकाशी झालेल्या वादात प्रोजेक्ट गुटेनबर्गला २०१८ पासून २०२१ पर्यंत अख्ख्या जर्मनीला आपले दार बंद ठेवावे लागले होते.

आता यातच तुमची पुढची बातमी आहे. आपल्याकडे अशा विषयाला जागा मिळते ती ठरावीक दिवशी: २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी सगळ्याच संस्थांच्या प्रेसनोटा डेस्कवर येऊन पडतात आणि तुमची तीन ओळींत संपते. १ जानेवारी मात्र मोकळा असतो. दरवर्षी त्या दिवशी काही मराठी लेखक मुक्त होतात आणि कोणी दखल घेत नाही. डिसेंबरच्या मध्यावर पुरवणीच्या संपादकांना लिहा: येत्या १ जानेवारीला हे हे लेखक सर्वांचे होत आहेत, त्यांतल्या अमक्याची पहिली आवृत्ती आमच्या कपाटात आहे, ती त्या दिवशी सकाळी खुली होईल. पाठोपाठ ५ दिवसांनी ६ जानेवारीचा पत्रकार दिन येतो, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू केले तो दिवस. तुमच्याकडे जुनी नियतकालिके असतील तर ती तेव्हासाठी राखून ठेवा. वार्ताहराला आपल्या व्यवसायाच्या इतिहासाबद्दल लिहायला आवडते.

पण हे करण्याआधी कामाची मांडणी करा. स्वतःची नवी यंत्रणा बांधण्यात वेळ घालवू नका. मराठी विकिस्रोत हे विकिपीडियाच्याच परिवारातले मुक्त ग्रंथालय आहे आणि तिथे डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्सचीच पद्धत आहे: एका बाजूला पान, दुसऱ्या बाजूला मजकूर. न तपासलेले पान लाल, एकदा तपासलेले पिवळे, दुसऱ्याने पडताळलेले हिरवे. येणाऱ्याला एका नजरेत कळते की कुठे हात घालायचा. ते संकेतस्थळ अमेरिकेतून चालते, त्यामुळे तिथे पुस्तक चढवताना स्वामित्वहक्काचा तिथला नियमही पाहावा लागतो, म्हणून आधी खूप जुनी पुस्तके घ्या. आणि जुन्या मराठी छपाईत माणसाच्या डोळ्याला पर्याय नाही. १९६२ च्या लेखननियमांच्या आधीची पुस्तके अनुच्चारित अनुस्वारांनी भरलेली असतात. संगणक ते टिंब कधी गाळतो, कधी कागदावरचा डाग अनुस्वार म्हणून घेतो. शिळाप्रेसवर छापलेल्या पोथीपुढे तर तो हतबलच होतो. निवृत्त शिक्षक आणि मुद्रितशोधक हे काम इतके सुंदर करतात की पाहत राहावे. त्यांना कोणी बोलावत नाही, एवढेच.

म्हणून बातमीत त्यांना बोलवा. ‘अमुक हजार पाने खुली’ या मथळ्याऐवजी ‘या पुस्तकाची दोनशे पाने तपासायला वाचक हवेत’ असा मजकूर द्या. सोबत एका पानाचे स्पष्ट छायाचित्र द्या. मान्यवरांच्या रांगेचा फोटो दिलात तर डेस्क तोच छापेल, म्हणून तो पाठवूच नका. संकेतस्थळाचा पत्ता बातमीच्या अंगात गेला तर जागेअभावी सगळ्यात आधी कापला जातो. वेगळी चौकट करून द्या, तिच्यात क्यूआर कोड, संपर्काची वेळ आणि पहिले काम काय करायचे ते दोन वाक्यांत. बातमी येईल त्या आठवड्यात रोज संध्याकाळी एक कार्यकर्ता नव्या येणाऱ्यांना उत्तर द्यायला मोकळा ठेवा. पहिल्या चोवीस तासांत उत्तर न मिळालेला माणूस पुन्हा विचारत नाही, हा माझा वारंवारचा अनुभव आहे.

जिल्हा पानापुरते थांबू नका. परदेशातल्या मराठी माणसाला हे पुस्तक कपाटातून काढून वाचणे शक्यच नाही, त्यामुळे त्याची ओढ जास्त असते. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या वृत्तपत्रिकेला लिहा. गोव्यात १८३२ पासून चालत आलेले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. पुण्यात गोखले संस्थेच्या ग्रंथालयाने हजारो जुनी पुस्तके खुली केली आहेत. त्यांच्याशी आधी बोला. तेच पुस्तक तिथे आधीच स्कॅन झालेले असेल तर तुमचे श्रम वाचतील आणि तुम्ही दुसरे दुर्मीळ पुस्तक हाती घेऊ शकाल.

दुसरी बातमी पहिले पुस्तक शेवटच्या पानापर्यंत हिरवे झाल्यावर द्या. त्यात तपासणाऱ्यांची नावे त्यांच्या परवानगीने जरूर घाला. गावातल्या माणसाचे नाव असलेली बातमी जिल्हा पान टाळत नाही. आणि छापून आलेली प्रत्येक बातमी वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे इंटरनेट आर्काइव्हच्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या सोयीत, साठवा, कारण स्थानिक दैनिकांचे जुने दुवे लवकर मरतात आणि अनुदानाच्या अर्जाला ते लागतात. आकडा चुकीचा छापला गेला असेल, तर तो तुमच्या फायद्याचा असला तरी त्याच दिवशी डेस्कला फोन करून दुरुस्त करायला सांगा. पुढच्या वेळी तोच उपसंपादक तुमची प्रेसनोट आधी वाचेल.